सणाची उलाढाल आणि वस्तीत राहणारा पैसा: नागपूरसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीक्षाभूमी, मारबत, चितार ओळी, रामटेक, महालातले वाडे यांवर पोट असलेले विक्रेते, बचत गट, मंडळे आणि घरमालक नेहमी जे विचारतात, त्याची ही उत्तरे. हिशेबाच्या उदाहरणांतले रुपये पद्धत समजावी म्हणून घेतलेले आहेत, ते बाजारभाव नाहीत. नियम आणि शुल्क बदलत राहतात, अर्ज करण्याच्या आठवड्यात ते पुन्हा तपासून घ्या.

सणात 'कोट्यवधींची उलाढाल' झाली असे छापून येते. म्हणजे शहराला तेवढा पैसा मिळाला का?

नाही. उलाढाल म्हणजे हातातून हातात गेलेला पैसा. कमाई काढायची तर त्या आकड्याला तीन चाळण्या लावाव्या लागतात.

पहिली चाळणी, पैसा आला कुठून? प्रतापनगरच्या माणसाने महालात जाऊन मूर्ती घेतली तर नागपूरचा पैसा नागपुरातच सरकला. यवतमाळहून आलेल्या कुटुंबाने पुस्तके घेतली तर तो बाहेरून आलेला पैसा. दुसरी चाळणी, तो खर्च एरवीही झाला असता का? दिवाळीचे कपडे दसऱ्याच्या सेलमध्ये घेतले म्हणून वर्षाची खरेदी वाढत नाही. तिसरी चाळणी सगळ्यांत बारीक छिद्रांची आहे: आलेल्यातला किती लगेच बाहेर गेला?

समजा रोषणाईची माळ १०० रुपयांना विकली. त्यातले ६० दूरच्या कारखान्याला, १० इतवारीच्या ठोक व्यापाऱ्याला, ३० फुटपाथवरच्या विक्रेत्याला. विक्रेता इथलाच असेल तर शहरात ४० राहिले. तोही परराज्यातून आठ दिवसांसाठी आलेला असेल तर १० रुपये आणि त्याच्या जेवणाखाण्याचा खर्च, एवढेच. बातमीत मात्र दोन्ही वेळा शंभरच मोजले जातात.

'सणाचा एक रुपया बाजारात तीनदा फिरतो' हे खरे का?

मोहल्ल्याच्या पातळीवर नाही. हिशेब सोपा आहे: प्रत्येक फेरीत रुपयातले किती पैसे जागीच पुन्हा खर्च होतात ते काढा, ते १ मधून वजा करा आणि आलेल्या संख्येने १ ला भागा. ४० पैसे राहत असतील तर १ भागिले ०.६ म्हणजे १.६७, हा झाला गुणक. २० पैसे राहत असतील तर १.२५. मूर्तिकाराने मिळालेल्या पैशातून मुलाची फी भरली, मोबाइल घेतला, गॅस भरला की तो पैसा मोहल्ल्याबाहेर गेलाच. वस्तीचा हिशेब करताना १.१ ते १.२५ धरा, त्याहून मोठा गुणक कोणी सांगितला तर त्याच्याकडे खर्चाची वही मागा. शहर किंवा जिल्हा धरला की गुणक वाढतो, कारण मोठ्या क्षेत्रातून पैसा बाहेर निसटायला वेळ लागतो.

दीक्षाभूमीला येणारे बहुतेक लोक गरीब. ते हॉटेलात राहत नाहीत, जेवण मोफत मिळते. मग शहराला फायदा कसला?

हा प्रश्न हॉटेलवाल्यांच्या चष्म्यातून विचारलेला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विदर्भ, मराठवाडा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण इथून लोक येतात. माणशी खर्च थोडा, पण माणसे अफाट, आणि जवळजवळ सगळी बाहेरची. पहिल्या चाळणीतून हा सण जवळपास अख्खा पार होतो. असा सण शहरात दुसरा नाही.

पैसा कुठे जातो ते पाहा. सगळ्यांत ठळक माल पुस्तकांचा. दहा-वीस रुपयांच्या पुस्तिकेपासून जाडजूड खंडांपर्यंत, घरी परतणाऱ्याच्या पिशवीत एक तरी पुस्तक असतेच. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, माल नासत नाही, उरला तर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर विकता येतो. म्हणून प्रकाशक लांबून येतात. पण पुस्तक नागपुरात छापले असेल तर छपाई, बांधणी आणि वाहतुकीची मजुरी इथे राहते. बाहेरून छापून आलेल्या पुस्तकामागे इथे उरते ते जागेचे भाडे आणि विक्रीला बसलेल्या पोराची मजुरी. त्याखालोखाल मूर्ती, बिल्ले, निळे दुपट्टे, पांढरी वस्त्रे, कॅलेंडरे.

भोजनदानाचे गणित कोणी मांडतच नाही. अन्न खाणाऱ्याला मोफत असते, पण तांदूळ, तुरीची डाळ, तेल, बटाटे दात्याने कुठून तरी विकत घेतलेले असतात. इतवारी-कळमन्याहून घेतले तर व्यापारी, हमाल, टेम्पोवाला, आचारी अशी साखळी शहरात चालू राहते. दाता बाहेरगावचा आणि खरेदी नागपुरातली असेल तर ती नागपूरची निखळ मिळकतच.

या गर्दीचा मुक्काम अर्धा दिवस वाढवायचा तर कामठीचे ड्रॅगन पॅलेस आणि बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपलेले चिचोलीचे संग्रहालय या दोन जागा आहेत. तिकडे जाणाऱ्या बसचा फलक मैदानाच्या दारात, मोठ्या अक्षरांत आणि शेवटच्या परतीच्या गाडीच्या वेळेसह लावायला हवा. परतीची खात्री नसेल तर ज्याला रात्रीची रेल्वे पकडायची आहे तो माणूस जागचा हलत नाही.

तिथे स्टॉल लावायचा आहे. काय काय लागते?

आधी जागा कोणाची ते बघा. आतल्या मैदानासाठी स्मारक समिती, रस्त्याकडेच्या जागेसाठी महापालिकेचे झोन कार्यालय, आणि दोन्हीकडे वाहतूक पोलिसांचा शब्द शेवटचा. ऐनवेळी रस्ता बंद झाला तर परवानगी असूनही हातगाडी आत जात नाही. म्हणून माल आदल्या रात्री पोहोचवून ठेवायचा.

खाण्याचे पदार्थ असतील तर अन्न नोंदणी लागते. छोट्या विक्रेत्याला पूर्ण परवाना नव्हे, ओळखपत्र आणि फोटोवर होणारी साधी नोंदणी पुरते. गॅस १९ किलोचा व्यावसायिकच हवा. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर स्टॉलवर सापडला तर जप्त होतो, आणि ऐन गर्दीच्या दिवशी धंदा बसतो. वीज शेजारच्या खांबावरून ओढू नका. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या, नाहीतर जोडणी असलेल्या मंडप कंत्राटदाराकडून पावतीसह घ्या.

छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगावकडून येणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. परराज्यातून येऊन करपात्र माल विकणाऱ्याला जीएसटीची 'कॅज्युअल' नोंदणी लागते. अर्ज धंदा सुरू होण्याच्या किमान ५ दिवस आधी करायचा, अंदाजे कर आगाऊ भरायचा, नोंदणी ९० दिवस चालते. उलाढालीची नेहमीची मर्यादा इथे लागू नाही, अनेकांची चूक इथेच होते. ठरावीक हस्तकला वस्तूंना सवलत आहे, तिची यादी आधी पाहून घ्या.

भांडवलासाठी पथविक्रेत्यांना पीएम स्वनिधीचे कर्ज आहे. २०२५ च्या सुधारणेनंतर त्याचे टप्पे १५,०००, २५,००० आणि ५०,००० रुपयांचे झाले. पहिले फेडल्याशिवाय दुसरे मिळत नाही. अर्ज सणाच्या तोंडावर नको, उन्हाळ्यातच करा.

तर्री पोह्याच्या स्टॉलला किती प्लेट विकल्या म्हणजे परवडते?

तीन दिवसांचा ठरलेला खर्च आधी मांडा: जागा, मंडप, वीज, टेम्पो, दोन माणसांची मजुरी. समजा ९,००० रुपये. प्लेट ४० ची, तिच्यातला माल (पोहे, हरभरा, तेल, मसाला, कांदा, चिवडा, द्रोण, गॅस) १८ चा. एका प्लेटमागे २२ सुटतात. ९,००० भागिले २२ म्हणजे ४१० प्लेट, दिवसाला १३७. नफा त्यापुढच्या प्लेटपासून.

कोरड्या किलोभर पोह्यांच्या साधारण १४ प्लेट होतात. म्हणजे दिवसाला १० किलो पोहे आणि तर्रीला साडेतीन-चार किलो हरभरा, तो आदल्या रात्री भिजवलेला. पोहे मात्र सगळे एकदम भिजवू नका. दोन-दोन किलोचा घाणा काढा, नाहीतर तासाभरात गोळा होतो आणि तर्री ओतली की लगदा. हरभरा उरला तर आंबतो, तो दुसऱ्या दिवशी चालवण्याचा मोह नको.

बुडण्याचे सगळ्यांत मोठे कारण चव नाही, सुटे पैसे. लाखभर लोक एका ठिकाणी जमले की मोबाइलचे नेटवर्क गुदमरते, क्यूआर कोड नुसता चिकटलेला राहतो आणि गिऱ्हाईक ५०० ची नोट पुढे करते. दहा-वीसच्या नोटांचे किमान तीन हजार रुपये जवळ हवेत. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवली तर एक तरी चालते. पाण्याचे २० लिटरचे जार सकाळी सातच्या आत मागवा, त्यानंतर गाडी आत येत नाही. आणि दसऱ्याच्या आसपास नागपूरला पाऊस येऊ शकतो, ताडपत्री न्याच.

चितार ओळीतल्या मूर्तिकारांचा हंगाम गणपतीपुरताच असतो ना?

हा बाहेरच्यांचा समज. मातीकामाचा हंगाम कान्होबापासून सुरू होतो. जन्माष्टमीला विदर्भात घरोघरी मातीचा कान्होबा बसतो. मग पोळ्याचे मातीचे बैल, मग गणपती. गणपती गेले की पितृपक्षात हाडपक्या, म्हणजेच मस्कऱ्या गणपती. नागपूरकर भोसल्यांच्या परंपरेतला हा उत्सव. पंचांगाने सण नाहीत म्हटलेल्या पंधरवड्यातही मूर्तिकाराच्या हाताला काम देतो. त्याच सुमारास भुलाबाई, मग नवरात्रातल्या मोठ्या देवी, आणि शेवटी दिवाळीच्या लक्ष्म्या. एका कुटुंबाचे सुमारे अडीच-तीन महिन्यांचे विकणे आणि त्याआधीचे तीन-चार महिन्यांचे घडवणे, एवढे यात बसते.

अडचण पैशाच्या वेळेची आहे. चिकणमातीचा ट्रक उन्हाळ्यातच घ्यावा लागतो, पावसाळ्यात ओली माती वजनात महाग पडते. तणस, सुतळी, बांबूच्या कमट्या, कापूस, रंग हा खर्च एप्रिलपासून, आणि गल्ल्यात पैसा येतो भाद्रपदात. मधल्या काळात सावकार. म्हणून मंडळांना एकच सांगणे: बयाना आषाढात द्या. मूर्तीच्या किमतीचे ४० टक्के दोन महिने आधी दिले, तर मंडळाचा रुपयाही जास्तीचा जात नाही आणि कारागिराचे व्याज वाचते. सणाचा पैसा वस्तीत राहावा यासाठी याहून स्वस्त उपाय आमच्या तरी पाहण्यात नाही.

मूर्तीच्या आत काय असते ते पाहिले की मजुरीचा वाटा कळतो. लाकडी पाटावर बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळीने आवळलेले तणस, वर कापूस मिसळलेल्या मातीचा थर. तो अर्धवट सुकला की चाळलेल्या मातीचा बारीक थर. भेगा पडतातच. त्या पातळ चिखलात भिजवलेली चिंधी दाबून बुजवायच्या, मग पांढरा हात, मग रंग, सगळ्यांत शेवटी डोळे. मोठ्या मूर्तीला सुकायला दोन आठवडे लागू शकतात. झडीच्या दिवसांत घाईने हॅलोजन किंवा गॅसची आच लावली की वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि मूर्ती खांद्यापाशी फाटते. पंखा आणि धीर, दुसरा इलाज नाही. या सगळ्यात विकत घ्यायचा माल थोडा, हात जास्त. म्हणून मातीच्या मूर्तीतला बहुतेक पैसा जागीच राहतो.

मग पीओपीची मूर्ती स्वस्त पडते ती का?

साचा. एका साच्यातून दिवसाला अनेक मूर्ती निघतात, पाऊस असला तरी लवकर घट्ट होतात, वजनाला हलक्या, ट्रकमध्ये एकावर एक रचता येतात. माल बाहेरून तयार येतो आणि त्याच्या किमतीचा मोठा भाग परत बाहेरच जातो. घेताना तपासायचे असेल तर मूर्ती उचलून बघा आणि तळाशी नख ओढा: मातीची मूर्ती जड लागते आणि न रंगवलेल्या भागावर ओरखडा मातकट उमटतो. मातीच्या मूर्तीवर जीएसटी नाही, हेही विक्रेत्याला माहीत असावे.

मारबतीच्या दिवशी इतवारी बंद पडते. व्यापाऱ्यांचे नुकसान सणाच्या फायद्यातून वजा करायचे का?

करायचे, पण कोणाचे ते नीट बघून. मारबत म्हणजे मिरवत गावाबाहेर न्यायचा पीडेचा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत दोन्ही निघतात, सोबत महागाई-भ्रष्टाचारावरचे बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे. महाल, इतवारी, गांधीबागचे रस्ते दिवसभर माणसांनी भरलेले.

ठोक व्यापाऱ्याची विक्री त्या दिवशी बुडत नाही, पुढे ढकलली जाते. काटोलचा किराणा दुकानदार साखरेची गोणी आज नाही तर उद्या नेतोच. सराफाचेही तसेच. खरोखर बुडते ती हमालाची आणि ठेलेवाल्याची रोजी, कारण उद्या त्याला दोन दिवसांची मजुरी मिळत नाही. मालवाहू ऑटोचेही तेच. तेव्हा नुकसानीच्या रकान्यात दुकानांची बुडालेली विक्री लिहू नका, हातावर पोट असणाऱ्यांची बुडालेली रोजी लिहा. आकडा लहान येईल, पण खरा येईल.

फायद्याच्या बाजूला बडगे बनवणारे हात. बांबू, तट्ट्या, जुने कपडे, रद्दी, खळ, रंग असा जवळजवळ सगळा माल विदर्भातला किंवा टाकाऊ. वाटेवर पाणी, आइस्क्रीम, पुंग्या विकणाऱ्यांचा धंदा चांगला होतो. पण मिरवणूक पाहून लोक घरी जातात. मुक्काम नाही, जेवण नाही, न्यायला वस्तू नाही. मारबतीची लहान कागदी प्रतिकृती मंडळांनी स्वतः बनवून का विकू नये, हे कोडेच आहे. अर्थात मारबत म्हणजे घराबाहेर काढायची पीडा, ती विकत घेऊन घरात कोण ठेवेल, असा आक्षेप कोणी घेतला तर तोही रास्तच.

तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीचा धंदा वाढवता येईल का?

नवा नंदी घर एकदाच घेते, तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. वाढ आहे ती दुरुस्तीत: चाके, शिंगे, नवा रंग, झूल, बेगड, घुंगरू. सुताराने श्रावणाच्या सुरुवातीलाच 'नंदी रंगवून मिळेल' अशी पाटी लावावी. पोळ्याच्या आदल्या दिवशी येणाऱ्याला ओला रंग न्यावा लागतो आणि नंदी घेऊन घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरणाऱ्या पोराचे कपडे रंगतात.

मंडळाच्या वर्गणीचा पैसा स्थानिक लोकांच्या हातात जावा यासाठी काय करायचे?

आधी कायद्याचे. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ क), आणि नंतर हिशेब द्यावा लागतो.

मग गेल्या वर्षीची बिले काढा आणि प्रत्येकावर 'आपल्या प्रभागातला', 'नागपूरचा', 'बाहेरचा' यांपैकी एक शिक्का मारा. बहुतेक मंडळांत मूर्ती, मंडप, फुले, आचारी पहिल्या दोन शिक्क्यांत येतात आणि एलईडीची भिंत, आवाजाच्या भिंती, पाहुणे कलाकार तिसऱ्यात. सगळे बदलायला जाऊ नका. तिसऱ्या शिक्क्याची सगळ्यांत मोठी एक बाब निवडा आणि तेवढीच बदला. आवाजाच्या भिंतीऐवजी शहरातले ढोल-ताशा पथक किंवा संदल (वाजवणाऱ्यांचा ताफा) घेतले तर पैसा इथल्याच पोरांत वाटला जातो, आणि शेजारच्या म्हाताऱ्यांचे शिव्याशापही कमी होतात.

शहरात एवढी वारसास्थळे आहेत, मग त्यांच्यावर कोणाचे घर का चालत नाही?

कारण बहुतेक ठिकाणी थांबायला कारण नाही. सीताबर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे, सर्वसामान्यांसाठी तो वर्षातले मोजके राष्ट्रीय दिवस उघडतो. नोव्हेंबर १८१७ ची लढाई जिथे झाली त्या टेकडीखाली बर्डीचा बाजार रोज तुडुंब असतो, पण त्या गर्दीचा किल्ल्याशी संबंध नाही. झिरो माइलच्या दगडापाशी फोटो काढून लोक पाच मिनिटांत निघतात. १८६३ चे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, तेवढा तास-दीड तास धरून ठेवतो.

वारसास्थळाची कमाई तिकिटातून फारशी होत नाही, ती तिथे घालवलेल्या वेळेतून होते. माणूस दोन तास रेंगाळला की चहा पितो, तीन तास रेंगाळला की जेवतो. महालात हे जमण्यासारखे आहे: गांधी गेट, भोसल्यांचे वाडे, जुनी मंदिरे, चितार ओळी, सगळे पायी अंतरावर. सकाळी सात ते साडेनऊ ही वेळ धरा, त्यानंतर रहदारी चालू देत नाही. एका वाटाड्यामागे १५ हून जास्त माणसे नकोत, गल्लीत मागच्याला ऐकू येत नाही. शेवट नाश्त्याच्या दुकानापाशी करा आणि दुकानदाराला आदल्या संध्याकाळी माणसे कळवा. आणखी एक: स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी शोधा. बायका आणि वयस्कर मंडळी फेरी अर्ध्यावर सोडतात ती बहुधा याच कारणाने.

आमचा जुना वाडा वारसा यादीत आहे. तोटाच ना?

पाडून इमारत बांधायची असेल तर अडचण आहे. राहायचे, भाड्याने द्यायचे, काही चालवायचे असेल तर तेवढी नाही. दर्जानुसार दुरुस्ती आणि बदलाला वारसा समितीची संमती लागते. न वापरता आलेल्या बांधकाम हक्काच्या बदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकाम हक्क) मागण्याची तरतूद विकास नियमावलीत आहे, तो विकता येतो. अर्ज अडतो तो बहुधा मालकीवर, कारण सात-आठ वारसांची नावे आणि सह्या जमत नाहीत. आधी ते घरात मिटवा, मग वास्तुविशारद शोधा. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारू नका. ओल आत कोंडते, आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्यासकट भिंतीची कातडी निघते.

केंद्रीय संरक्षित स्मारकाची गोष्ट वेगळी: १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद, त्यापुढचे २०० मीटर परवानगीने. रामटेक-मनसर भागात दुकान किंवा लॉज काढणाऱ्याने जागा घेण्याआधी हे मोजून घ्यावे.

वाघ बघायला येणारे नागपुरात थांबतच नाहीत. त्यांच्याकडून काही मिळेल का?

विमानतळावरून थेट ताडोबा किंवा पेंच, हे खरे. पण पेंचचा रस्ता मनसरवरून जातो आणि रामटेक तिथून हाकेच्या अंतरावर. गडमंदिर, वाकाटककालीन नृसिंह मंदिरे, अंबाळा तलाव, मनसरचे उत्खनन. जुलै ते सप्टेंबर जंगलाचा गाभा बंद असतो, आणि रामटेक तेव्हाच सर्वांत देखणे असते. रिसॉर्टला पावसाळ्यात पाहुणे हवेत आणि रामटेकच्या वाटाड्यांना काम हवे. ही गाठ रामटेककरांनीच रिसॉर्टच्या व्यवस्थापकाकडे जाऊन मारायची आहे.

रामटेकच्या कार्तिकी पौर्णिमेच्या गर्दीत काय विकले जाते ते बघा. प्लॅस्टिकची खेळणी बाहेरची. शिंगाडे मात्र इथल्याच तलावांतले, ढिवरांनी काढलेले, आणि पाने बारई समाजाच्या इथल्या पानमळ्यांतली. पाव किलो उकडलेल्या शिंगाड्यांचा पुडा दिसायला क्षुल्लक, पण त्यातला बहुतेक पैसा तालुक्यातच राहतो. जत्रेत जागा वाटताना पायऱ्यांजवळची पहिली रांग अशा मालाला ठेवावी, खेळणी मागे गेली तरी पोरे शोधत जातातच.

घरातली खोली सणाच्या दिवसांत भाड्याने देता येते का?

येते. रीतसर करायचे तर राज्याच्या पर्यटन खात्याची 'न्याहारी व निवास' नोंदणी आहे, घरमालक तिथेच राहत असावा लागतो. परदेशी पाहुणा ठेवलात तर २४ तासांत 'सी फॉर्म' ऑनलाइन भरणे बंधनकारक आहे. धम्मचक्र दिनाला परदेशातून भिक्खू आणि उपासक येतात, तेव्हा हे विसरू नका. भाडे तिप्पट करायचा मोह आवरा, तोच माणूस पुढच्या वर्षी परत येणारा असतो.

आमच्या वस्तीचा हिशेब आम्हीच कसा करायचा?

दहा-बारा कॉलेजची मुले, दोन दिवस आणि एक वही पुरते.

माणसे मोजा. एका जागी जमलेल्या गर्दीसाठी मैदानाचे क्षेत्रफळ नकाशावरून काढा, मंडप-स्टॉलची जागा वजा करा, मग सैल गर्दीला चौरस मीटरमागे १, दाट गर्दीला सुमारे अडीच, खेटून उभ्या गर्दीला ४ माणसे धरा. १९६० च्या दशकात बर्कलीच्या एका पत्रकारितेच्या प्राध्यापकाने, हर्बर्ट जेकब्स यांनी, ही रीत रूढ केली. चालत्या गर्दीसाठी प्रत्येक वाटेवर दर अर्ध्या तासाला ५ मिनिटे मोजून ६ ने गुणा. फक्त आत येणारे मोजा, नाहीतर तंबाखू आणायला बाहेर गेलेला तीनदा मोजला जातो.

मग विचारा. सुमारे ३८५ जण पुरतात, पण निवड नीट हवी: दारातून येणारा दर विसावा माणूस, चेहरा बघून नाही. नाहीतर मुले आपल्याच वयाच्या पोरांशी गप्पा मारून परततात. प्रश्न पाचच: कुठून आलात, सोबत किती जण, किती रात्री राहणार, आज सगळ्यांचा मिळून खर्च किती आणि कशावर, सण नसता तर या महिन्यात नागपूरला आला असता का? 'सगळ्यांचा मिळून' हे शब्द गाळले की घरातला कर्ता अख्ख्या कुटुंबाचा खर्च सांगतो, आणि तुम्ही तो माणशी समजून पाचपट आकडा छापता.

आता चाळण्या. उदाहरण: बाहेरून फक्त सणासाठी आलेले ५०,०००, माणशी ३०० रुपये, म्हणजे दीड कोटी. वस्तूंच्या खरेदीत आणि बाहेरच्या विक्रेत्यांमार्फत ५५ टक्के लगेच निघून गेले, उरले साडेसदुसष्ट लाख. गुणक १.२ धरला तर ८१ लाख. यात विक्रेत्यांचा गल्ला पुन्हा मिळवू नका, तो याच पैशाची दुसरी बाजू आहे. शेवटी खर्चाचा रकाना: सफाईचे जादा तास, फुटलेले दुभाजक, बुडालेली रोजी.

विकासकामे आली की स्थानिकांना फायदा होतोच ना?

विचारून केली तर. दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगचे काम सुरू झाले, अनुयायांना ते स्तूपासाठी धोक्याचे वाटले, १ जुलै २०२४ ला मोठे आंदोलन झाले आणि सरकारने कामाला स्थगिती दिली. गाड्यांची सोय कागदावर चांगली दिसते, पण इथले बहुसंख्य लोक रेल्वे, एसटी आणि ट्रॅव्हल्सने येतात. त्यांना लागते ते पाणी, सावली, शौचालय आणि रात्री टेकायला जागा. कामाचा आराखडा झोन कार्यालयात आला की 'याचा वापर कोण करणार' हा प्रश्न लेखी विचारा आणि पोच घ्या.

सणाला आलेल्या पाहुण्यांना संत्री विकावीत का?

दसऱ्याला आंबिया बहार नुकता सुरू झालेला असतो, साल हिरवट, चव आंबटसर. तेव्हा थोडाच माल ठेवा आणि चाखायला एक फोड द्या, म्हणजे भांडण होत नाही. दिवाळीनंतर आणि मृग बहारात, फेब्रुवारी-मार्चला, बिनधास्त विका. संत्रा बर्फी बारमाही चालते, पण खव्याची असेल तर लांबच्या प्रवासात टिकत नाही. गिऱ्हाईक घरी कधी पोहोचणार ते विचारून मगच पुडा बांधा.